तीन दशांशांची हरकत

४ मार्च, सोमवार

पाणी कुठंतरी मुरतंय.

संध्याकाळी कारखान्यातून हात धुवायला स्वयंपाकघरात गेलो. कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची खोली, पण भट्टी आहे, भाता आहे, काचेच्या नळ्यांची मांडणी आहे, तेव्हा कारखानाच. तर ओट्यापाशी लेक उभी. समोर पातेलं, पातेल्यात कुटलेला बर्फ आणि बर्फात खोचलेला थर्मामीटर. तोही माझ्या हातचा. वरच्या टोकाला मी काचेची बारीकशी कडी ठेवतो, तशी कंपनीवाले ठेवत नाहीत, म्हणून लांबूनही ओळखू येतो. मला बघताच तिनं तो उचलून टॉवेलात गुंडाळला.

"काय चाललंय, चिमे?"

"काही नाही बाबा. सरबताला बर्फ फोडत होते."

"सरबतात थर्मामीटर घालतात हे नवीनच ऐकतोय."

तिची आई मध्ये पडली. "अहो, हात धुवायला आलात ना? मग धुवा."

ही बाई एरवी माझ्या प्रश्नाला उत्तर न देता राहत नाही. आज तिनं प्रश्नच बुजवला. दोघींचं काहीतरी ठरलेलं आहे.

पुढे कधी वाचताना घोळ नको म्हणून लिहून ठेवतो. चिमी येत्या २३ तारखेला डॉक्टर होणार. नाडी बघणारी नव्हे, विद्यापीठाची. निरनिराळी मेणं नेमकी किती तापमानाला वितळतात, यावर तिचा प्रबंध आहे. पाच वर्षं खपली. ज्यांनी तापमान मोजलं ते थर्मामीटर मी केले. बापानं फुंकलेली काच आणि लेकीनं वाचलेले आकडे. असा प्रबंध त्या विद्यापीठात दुसरा नसेल.

६ मार्च, बुधवार

आज तिचे मार्गदर्शक घरी आले. समारंभाचे प्रवेशपास द्यायला, म्हणे. पास काय चिमीच्या हाती देता आले नसते? मी या गृहस्थाला मनातल्या मनात गुळगुळीत सर म्हणतो. बोलणं गुळगुळीत, डोकं गुळगुळीत, आणि कुठल्याही प्रश्नावर हात टाकला की घसरतो.

मी सरळ विचारलं, "काय सर, आमचे थर्मामीटर कसे काय?"

पाण्याचा पेला तोंडाला लावून बराच वेळ प्याले. मग म्हणाले, "सुंदर आहेत हो दादा. फार सुंदर."

सुंदर! मी काय आरसे करतो? थर्मामीटरला कुणी सुंदर म्हणत नाही, बरोबर म्हणतात. तो एक शब्द या माणसाच्या तोंडून निघाला नाही.

मी चपला शोधण्याच्या निमित्तानं दाराआड थांबलो. अंगणात जाताना ते चिमीला हळूच म्हणाले, "अजून सांगितलं नाहीस ना त्यांना?" ती म्हणाली, "समारंभ होऊन जाऊ दे सर. मग बघू."

म्हणजे समारंभ होईपर्यंत मला कळता कामा नये असं काहीतरी आहे. चोरून ऐकणं वाईट, हे मला माहीत आहे. पण चोरून बोलणं त्याहून वाईट.

९ मार्च, शनिवार

एक जादा नळी पोचवायचं सोंग करून प्रयोगशाळेत जाऊन आलो. चिमी वर्गावर होती. टेबलावरच्या स्टँडला कंपनीचे थर्मामीटर अडकवलेले, छापील अक्षरांचे. माझे सहाही कपाटात कापसात गुंडाळून ठेवलेले, म्हाताऱ्या माणसाला खोलीत बसवून ठेवतात तसे.

शिपाई बोलका निघाला. "मॅडमनी वर्षभर हेच वापरले की. सगळं पहिल्यापासून परत केलं त्यांनी. झाडायला यायचो मी, तेव्हा त्या आधीच येऊन बसलेल्या. डोळे सुजलेले. सर म्हणायचे, घरी जा, तर ऐकायच्या नाहीत."

"परत का केलं?"

"ते मोठ्यांचं काम. आपण काय, झाडू मारणारे." आणि मग उगाचच, "तुमचे मात्र नीट जपून ठेवलेत हो. मला हात लावायची बंदी आहे."

घरी येईपर्यंत सगळं जुळवून बघितलं. गुळगुळीत सरांचं त्या कंपनीशी साटंलोटं असणार. प्रबंधात कंपनीचं नाव आलं की कंपनीचा माल खपतो. म्हणून माझ्या पोरीला वर्षभर राबवलं. आणि ती बिचारी बापाला काय सांगणार? मूग गिळून बसली.

मी शाळा आठवीत सोडली. काच फुंकायला मला कुणी शिकवलं नाही. दवाखान्याच्या मागे फेकलेले फुटके थर्मामीटर गोळा करायचो, उकलायचो, जोडायचो. बोटं भाजून शिकलो. आज या भागातले दवाखाने, दोन शाळा आणि डेअरी माझ्या थर्मामीटरवर चालतात. माझी रीत साधी आहे. फुगा फुंकला, पारा भरला, तोंड बंद केलं, काच हाताला गार लागली की बर्फात धरून शून्याची रेघ, उकळत्या पाण्यात धरून शंभराची. सकाळी फुंकलेला संध्याकाळी गिऱ्हाइकाच्या हातात. एकदा बरोबर ठरला तो कायमचा बरोबर. काच म्हणजे काय माणूस आहे, मागाहून बदलायला?

१२ मार्च, मंगळवार

प्रबंध बघायला मागितला. चिमी म्हणाली, "किचकट आहे हो बाबा, कंटाळाल." पाच वर्षं जेवताना तिचे आकडे ऐकताना मी कधी कंटाळलो नाही. आता कंटाळणार म्हणे.

दुपारी घरात कुणी नव्हतं. कपाटात चादरींच्या खाली सापडला. काळी बांधणी, सोनेरी अक्षरं. चादरींखाली माणूस काय ठेवतो? जे दाखवायचं नसतं ते.

पहिल्याच पानावर एकटी ओळ होती, 'बाबांच्या हातांना.' हातांना म्हणे. डोक्याला नाही. हेही गुळगुळीत सरांचं सुचवणं असावं. कारागीर तो कारागीर.

आतली भाषा जड आहे, माझ्या आवाक्याबाहेरची. ते मोकळेपणानं लिहितो. पण आकड्यांना भाषा लागत नाही. कोष्टक उघडलं आणि पायाखालची जमीन सरकली.

पिवळं मेण. जेवताना चिमी नाचत सांगत आली होती, "बाबा, एकसष्ट पूर्णांक चार!" मला कालच्यासारखं आठवतंय, त्या दिवशी तिनं आनंदात आमटीत पाणी ओतलं होतं. कोष्टकात एकसष्ट पूर्णांक एक आहे. दुसरं, चोपन्न पूर्णांक नऊ. इथं चोपन्न पूर्णांक सहा. तिसरं सत्तेचाळीस पूर्णांक दोन होतं, इथं सेहेचाळीस पूर्णांक नऊ. मला तिचे सगळे आकडे पाठ आहेत. एकूण एक आकडा तीन दशांशांनी उतरवलेला.

चोरानं निदान कुठं दोन, कुठं पाच असं तरी करावं! हा चोर आळशी. सगळ्यांतून सारखंच कापलं. कंपनीचा माल बरोबर दिसावा म्हणून माझ्या पोरीचे खरे आकडे कुणीतरी छाटले आहेत, आणि त्या छाटलेल्या आकड्यांवर तिला डॉक्टर करणार आहेत.

प्रबंध होता तसा चादरींखाली ठेवला. घड्यासुद्धा तशाच घातल्या.

१३ मार्च, बुधवार

राहवेना. बायकोला विचारलं.

"पोरीच्या प्रबंधातले आकडे कुणी बदलले?"

तिची पोळी तव्यावर करपली. वीस माणसांचा स्वयंपाक करताना हिची पोळी कधी करपली नव्हती. "मला काय विचारता? मी मेण वितळवते का?"

"तुला माहीत आहे."

"मला एवढंच माहीत आहे की माझी पोर वर्षभर धड जेवली नाही."

"तेच म्हणतोय मी! का जेवली नाही?"

 काहीतरी तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. मग उलथणं आपटून म्हणाली, "अहो, जगातलं सगळं तुम्हाला कळलंच पाहिजे का? तिचा दिवस आहे. आयुष्यात एक दिवस गप्प बसून दाखवा. तुम्हालाही डिग्री देतील."

विनोदानं विषय झाकायची ही तिची जुनी सवय.

१५ मार्च, शुक्रवार

सरांच्या खोलीत जाऊन भिडलो. खुर्ची दिली, बसलो नाही.

"सर, आकडे कुणी बदलले?"

ते उठले आणि दार लावून घेतलं. दार लावणं म्हणजे अर्धा कबुलीजबाब.

"दादा, प्रबंधातले आकडे बरोबर आहेत."

"मग आधीचे चूक होते? जे माझ्या लेकीनं माझ्या थर्मामीटरवर वाचले, ते चूक?"

खिडकीतून बाहेर बघत राहिले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, सायकली लावायची जागा. मग म्हणाले, "चूक माझी आहे. सुरुवातीलाच जे तपासून घ्यायला हवं होतं, ते मी घेतलं नाही. तिची काही चूक नाही. आणि..." इथे अडखळले. "आणि तुमचीही नाही, असंच मी म्हणेन. दोष द्यायचा तर मला द्या. मी ऐकून घेईन."

मी दिला. जेवढे शब्द येत होते तेवढे वापरले. बाहेरच्या व्हरांड्यात लोक थांबले असतील. हा माणूस मान खाली घालून उभा.  शेवटी म्हणाला, "एक विनंती आहे. यातलं काही तिला बोलू नका. तिनं फार सोसलंय."

निर्दोष माणूस एवढं ऐकून घेतो का? हातच्या काकणाला आरसा कशाला!

१७ मार्च, रविवार

समारंभाची छापील पुस्तिका मिळाली. लोक अशा पुस्तिकेचा पंखा करतात, मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. म्हणून सापडलं.

या विद्यापीठात एक जुनी रीत आहे. साध्या पदव्यांना नाही, फक्त डॉक्टरेटला. उमेदवाराचं नाव घेतलं की कुलसचिव हातातली काठी जमिनीवर आपटून सभागृहाला विचारतात, 'कुणाची हरकत?' मग ते पाचदा श्वास घेईपर्यंत सगळे गप्प. त्या शांततेत सभागृहातला कुणीही, अगदी कुणीही, उठून हरकत घेऊ शकतो. घेतली, तर पदवी तिथंच थांबते आणि चौकशी होते. आमच्या आठवणीत कुणी घेतलेली नाही, असं शेजारच्या निवृत्त कारकुनानं सांगितलं. "अहो, ती शांतता म्हणजे फोटोवाल्यांची सोय," म्हणाला.

या वर्षी सोय होणार नाही.

मी सगळा विचार केला आहे. पदवी थांबेल. चिमीला वाईट वाटेल. पण चौकशीत खरे आकडे पुढे येतील, सर उघडे पडतील, आणि तिला धुतल्या तांदळासारखी स्वच्छ पदवी मिळेल. खोट्या आकड्यांवर डॉक्टर झालेली माझी लेक मला नको. दशांशात खोटं बोलणारा माणूस कशातही खोटं बोलतो. हे मीच तिला लहानपणापासून शिकवलं.

घरात कुणाला सांगितलेलं नाही. त्यांना गुपितं ठेवता येतात, तशी मलाही येतात.

२० मार्च, बुधवार

चिमीनं आज तो झगा घरी आणला. लाल, लांब बाह्यांचा, खांद्यावर पिवळी पट्टी. घालून पुढच्या खोलीत गिरकी घेतली. आई म्हणाली, "अगं, तो सोफ्याच्या कव्हरासारखा दिसतोय." दोघी हसून हसून खाली बसल्या. पुष्कळ दिवसांनी असं हसू ऐकलं.

बाहीची शिवण एका बाजूला सुटली होती. मी दाखवली. ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला आधी शिवणच दिसणार, हे मला माहीत होतं." मग जवळ आली. "पहिल्या रांगेत बसाल ना? मला वर उभी असताना तुमच्याकडे बघायचंय."

मी हो म्हटलं.

नंतर भट्टीपाशी गेलो. फुगा वेडावाकडा झाला, टाकून दिला. मनात आलं, शुक्रवारीच कुलगुरूंना गाठून गुपचूप सांगावं, चारचौघांत नको. पण गुपचूप सांगितलेलं गुपचूप मिटवतात. सरांचे हात वरपर्यंत पोचलेले असणार. आणि पोचलेले नसतील कशावरून?

२३ मार्च, शनिवार, सकाळ

हरकत घ्यायची तर पुरावा हातात हवा. म्हणून तिच्या सहांबरोबर केलेला सातवा, पाच वर्षं कारखान्यात पडून असलेला, खिशात घालून न्यायचं ठरवलं. सगळ्यांसमोर बर्फात धरून दाखवायचा. माझा पारा शून्यावर उभा राहतो की नाही, बघा.

नेण्याआधी एकदा बघून घ्यावा म्हणून बर्फ कुटला.

पारा शून्याच्या वर थांबला.

बर्फ अशुद्ध असेल म्हणून दुसरा घेतला. पण बर्फात मीठ-बीठ असतं तर पारा खाली गेला असता. वर जायचं कारण नाही. तरी उकळून निववलेल्या पाण्याचा बर्फ होता तो काढला. धुतला, कुटला, धरला. शून्याच्या वर. तीन दशांश.

गेल्या आठवड्यात केलेला काढला. बरोबर शून्य. खूप जुना, अगदी सुरुवातीच्या दिवसांतला काढला. चार दशांश वर.

जितका जुना, तितका वर.

ही बाहेरून ओरडते आहे, कोटाला इस्त्री झाली म्हणून. निघायचं आहे.

२३ मार्च, संध्याकाळ

जसं झालं तसं लिहितो.

सभागृहात गर्दी. पंखे होते पण वारा नव्हता. आम्ही पहिल्या रांगेत. माझ्या कोटाच्या आतल्या खिशात तो सातवा होता. का नेला, सांगता येणार नाही. बायको माझ्याकडे न बघता माझ्याकडे बघत होती. तिनं माझी बाही दोन बोटांत धरून ठेवलेली होती, इस्त्री बघितल्यासारखी.

व्यासपीठावर गुळगुळीत सर लाल झग्यात बसलेले. मी दिसताच त्यांनी रुमाल काढला. बाकीचे सगळे घामानं निथळत होते, तरी रुमाल काढला तो यांनीच, आणि तोही मला बघून.

एकेक नाव झालं. दर वेळी काठी आपटली, शांतता झाली, फोटो निघाले. कारकून म्हणाला होता तसंच. मग चिमी पुढे आली. बाहीची शिवण नीट शिवलेली होती. तिनं आधी कुलपतींकडे बघायचं असतं, तिनं माझ्याकडे बघितलं.

काठी आपटली. 'कुणाची हरकत?'

मी उभा राहिलो.

मी ठरवून उभा राहिलो की पाय आपले आपण उभे राहिले, हे आता लिहितानाही मला नक्की सांगता येत नाही. सहा दिवस पायांना तेच सांगत होतो, त्यांनी ऐकलं असावं. बाहीला बसलेला हिसका जाणवला. मागे खुर्च्या करकरल्या. सर अर्धवट उठले आणि त्यांनी हात जोडले. कुणाला जोडले, मला की देवाला, कोण जाणे. चिमी पांढरी पडली. तिच्या ओठांवरून मला 'बाबा' एवढंच वाचता आलं.

कुलसचिवांना काय करावं सुचेना. अशी वेळ त्यांच्यावर कधी आलीच नसणार. ते म्हणाले, "बोला."

 माझ्या डोक्यात एकसष्ट पूर्णांक चार आणि एकसष्ट पूर्णांक एक. आणि सकाळचं पातेलं.

"आपली हरकत काय आहे?" कुलसचिवांनी पुन्हा विचारलं.

"हरकत नव्हे," मी म्हणालो.  "मुलगी आहे माझी. उभं राहून बघायचं होतं."

आधी कुणीतरी फिसकन हसलं. मग मागून एक बाप उभा राहिला. त्याच्या मुलाचं नाव अजून यायचं होतं, पण तो उभा राहिला. मग आणखी दोघं-तिघं. कुलसचिव भडकले. "बसून घ्या! हा काय तमाशा आहे? ही हरकतीची वेळ आहे!" काठी दोनदा जास्तीची आपटली. लोक टाळ्या वाजवू लागले. आणि त्या गोंधळात माझी लेक डॉक्टर झाली.

खाली बसलो तर बायको रडत होती, आणि रडता रडता मला चिमटा काढत होती. जोरात.

चहाच्या वेळी सर जवळ आले. 

"दादा, आभारी आहे."

"कशाबद्दल?"

"उभे राहिलात... आणि मग..."

"सर," मी म्हणालो, "तुम्हाला खोटं अजिबात बोलता येत नाही. शिकून घ्या."

 मग त्यांना काय वाटलं कुणास ठाऊक, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडेनात. शेवटी मीच सोडवला.

घरी येताना रिक्षात चिमीनं विचारलं, "बाबा, खरंच का उभे राहिलात?"

"सांगितलं की तिथं."

"हं," म्हणाली. आणि बाहेर बघायला लागली.

२५ मार्च, सोमवार

सकाळी निघालो. आधी दवाखाने, मग शाळा, शेवटी डेअरी. "रेघा पुसट झाल्यात, नव्यानं भरून देतो," असं सगळीकडे सांगितलं. एकाही रेघेला काही झालेलं नव्हतं. माझ्या रेघा पुसट होत नसतात. दवाखान्यातला कंपाउंडर म्हणाला, "ठीक आहेत की हो, कशाला त्रास घेता?" मी म्हटलं, "ठीक आहेत हे मी ठरवतो." पदरच्या पैशानं कंपनीचे आणून बदली ठेवले. ते घेताना दुकानदार माझ्याकडे बघून हसला, ते मी लक्षात ठेवलं आहे.

पिशवीभर घेऊन घरी आलो तर ही दारात.

"हे काय सगळं?"

"धुवायचे आहेत."

"एवढे? एकाच दिवशी?"

"साठलेत."

"तुम्ही आपणहून कधी भांडं धुतलं नाहीत जन्मात." कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "काय लपवताय?"

मी कारखान्यात जाऊन कडी लावली. ती बराच वेळ दाराबाहेर उभी होती. पावलं जाताना ऐकू आली नाहीत.

सगळे एकेक करून बर्फात धरले. कारण अजून सापडलेलं नाही. पारा तोच, हात तोच. काच मात्र कुठंतरी हलते आहे.

२८ मार्च, गुरुवार

चिमी संध्याकाळी कारखान्यात आली. ती इथं फारशी येत नाही, भट्टीच्या धगीनं तिला खोकला येतो. टेबलावर ओळीनं मांडलेले थर्मामीटर बघितले. काही विचारलं नाही. एक स्टूल ओढून बसली.

"बाबा, मला दोन हवेत. पुढच्या कामाला."

"उद्या संध्याकाळी घेऊन जा."

"घाई नाही. फुगे आत्ता करून ठेवा. रेघा पुढच्या वर्षी मारा."

"का? वर्षभर काय त्यांना शाळेत घालू?"

ती हसली नाही. "पडू देत नुसते. काच हाताला गार लागली तरी आतून पुरती निवलेली नसते म्हणतात. फुगा आकसत राहतो, हळूहळू. मग पारा आपोआप वर चढतो."

"कोण म्हणतं?"

"पुस्तकात आहे."

पुस्तकाचं नाव काढलं की मी काय बोलतो, हे या घरात सगळ्यांना पाठ आहे. पुस्तकं लिहिणाऱ्यांची बोटं कधी भाजलेली नसतात, हे माझं वाक्य. तेही म्हणायला तोंड उघडलं होतं. ती मान खाली घालून वाट बघत होती, लहानपणी पाढा चुकला की बघायची तशी. पण या वेळी पाढा तिचा चुकलेला नव्हता.

मी भट्टी बारीक केली. म्हटलं, "वाचून दाखव."

तिनं पिशवीतून पुस्तक काढलं आणि वाचलं. वाचता वाचता एकेका वाक्याचा अर्थ सांगत गेली, मला कळेल असा, पण मला कळत नाही असं न दाखवता. दिवेलागणीला आईनं हाक मारली तरी उठलो नाही. दोन ठिकाणी लिहिणाऱ्याला भट्टीतलं काही कळत नाही, हे उघड आहे. ते मी तिला सांगितलं, तिनं समासात लिहून घेतलं. उरलेलं उद्या वाचते म्हणाली.

ती गेल्यावर दोन फुगे फुंकले. चांगले झाले. रेघा मारल्या नाहीत.

एक गोष्ट मात्र मनात सलते आहे. थर्मामीटर मागायला आलेल्या मुलीच्या पिशवीत नेमकं हेच पुस्तक कसं? आणि नेमक्या त्याच पानात खूण घातलेली, तीही जुनी, कडा मळलेली. याचा छडा लावला पाहिजे.